वाचकांचे प्रश्न : जुन्या पडद्यांची चित्रे आणि सिल्कस्क्रीनची जाळी

गेल्या अंकात आम्ही जुने दूरचित्रवाणी संच, संगणक आणि व्हिडिओ गेम यांच्या पडद्यांवरून, तसेच त्यांवर उमटणाऱ्या बिघाडांवरून केलेल्या सिल्कस्क्रीन (ताणलेल्या जाळीच्या उघड्या छिद्रांतून शाई ढकलून छापलेल्या) मुद्राचित्रांची ओळख करून दिली होती. त्यावर खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी प्रत्यक्ष छपाई करणाऱ्यांची आहेत, याचा आम्हाला विशेष आनंद वाटतो. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमचा लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापण्याचा छोटा कारखाना आहे. आपले टिपण वाचून मी जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा असलेले एक चित्र छापून पाहिले. संगणकावर आणि फिल्मवर रेघा सरळ दिसतात; कागदावर मात्र त्यांवर लाटांसारखे पट्टे उमटतात आणि काही रेघांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या होतात. दाब बदलला, शाई बदलली, तरी फरक पडला नाही. (एक मुद्रक, पारोळा)

उत्तर : फरक पडला नाही, कारण दोष त्या दोहोंतही नाही. फ्रेमवर ताणलेले पॉलिस्टरचे कापड ही उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी असते आणि आपले चित्रही समान अंतरावरच्या आडव्या रेघांचे आहे. नियमित अंतराच्या अशा दोन रचना एकमेकींवर आल्या आणि त्यांच्या अंतरात किंवा कोनात किंचित फरक राहिला, की दोहोंपैकी एकीतही नसलेली मोठ्या लाटांची तिसरी रचना डोळ्यांना दिसू लागते. तिला मुद्रणात मोआरे म्हणतात. पत्रिकेवरची अक्षरे आणि वेलबुट्टी यांत इतकी काटेकोर पुनरावृत्ती नसते, म्हणून वर्षानुवर्षे उत्तम छपाई करणाऱ्याच्याही वाट्याला हा अनुभव प्रथमच येऊ शकतो.

पहिला उपाय आकारमानाचा आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडील दूरचित्रवाणी ज्या पद्धतीने चाले, त्या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेघा असत आणि त्यांपैकी ५७६ पडद्यावर दिसत. त्या सगळ्या २९ सेंटिमीटर उंचीच्या चित्रात बसवायच्या म्हटल्या, तर एक रेघ आणि तिच्याखालची मोकळी जागा मिळून जेमतेम अर्धा मिलिमीटर होतो. सेंटिमीटरला १२० धागे असलेल्या जाळीत दोन धाग्यांमधले अंतर सुमारे ०.०८३ मिलिमीटर असते. म्हणजे आपली प्रत्येक रेघ केवळ तीन धाग्यांच्या आधारावर उभी राहते. एवढ्या थोड्या धाग्यांवर एका रेघेला तीन धागे मिळतात, शेजारच्या रेघेला दोनच मिळतात आणि त्या असमानतेतून लाटा तयार होतात. म्हणून रेघांची संख्या एक चतुर्थांश करावी. १४४ रेघा घेतल्यास रेघ आणि मोकळी जागा मिळून दोन मिलिमीटर मिळतात आणि पाहणाऱ्याला तो जुना पडदा तितकाच, किंबहुना अधिक स्पष्टपणे ओळखू येतो. पडद्यावरील प्रत्येक रेघ जशीच्या तशी कागदावर आणण्याचा आग्रह धरू नये, असे आमचे ठाम मत आहे.

दुसरा उपाय कोनाचा. रेघा धाग्यांना जवळजवळ समांतर असल्या, की रेघेची कड थोडे अंतर एका धाग्यावर चालते आणि मग दुसऱ्या धाग्यावर उडी मारते. आपल्याला दिसलेले करवतीचे दाते ते हेच. फ्रेमवर फिल्म (चित्र काळ्यात उमटवलेली पारदर्शक पट्टी) लावतानाच ती सुमारे २२ अंशांनी तिरपी लावावी आणि छापताना कागद त्याच कोनात ठेवावा. यासाठी फ्रेम नेहमीपेक्षा मोठी लागते, परंतु त्या खर्चाला पर्याय नाही. पांढऱ्याऐवजी पिवळी जाळी घेता आली तर अवश्य घ्यावी, कारण पांढऱ्या धाग्यांमुळे एक्स्पोज करताना, म्हणजे फिल्ममधून प्रकाश टाकून जाळीवरचा इमल्शनचा लेप पक्का करताना, प्रकाश आजूबाजूला पसरतो आणि बारीक कोपरे बुजतात. इमल्शनचा थर कागदाकडील बाजूला इतका भरावा, की धाग्यांचे उंचवटे त्याखाली झाकले जातील.

तिसरी गोष्ट संगणकावर करावयाची आहे. चित्र मोठे करताना सॉफ्टवेअर पिक्सेलच्या कडा मऊ करून त्यांत करड्या छटा भरते. तसे होऊ नये म्हणून नियरेस्ट नेबर ही पद्धत निवडावी आणि प्रत्येक मूळ पिक्सेलला प्रिंटरचे पूर्ण संख्येतील ठिपके द्यावेत. उदाहरणार्थ, २५६ × १९२ पिक्सेलचे चित्र ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) छापताना प्रत्येक पिक्सेलला ३३ ठिपके दिले, तर एक पिक्सेल सुमारे १.४ मिलिमीटरचा होतो आणि संपूर्ण चित्र ३५.८ × २६.८ सेंटिमीटरचे होऊन ए-३ फिल्मवर बसते. साडेतेहतीस ठिपके दिले, तर काही पिक्सेल रुंद आणि काही अरुंद होतील. फिल्मवर केवळ काळा आणि पारदर्शक भाग असावा. छटा हव्या असल्यास त्या डिदरिंगने, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पिक्सेलच्या विखुरण्यातून आणाव्यात. त्यासाठी ब्राइस बेयर यांची १९७३ ची नियमित नक्षीची पद्धत आहे आणि फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांची १९७६ ची, प्रत्येक पिक्सेलमधील चूक शेजारच्या पिक्सेलकडे वाटून देणारी पद्धतही आहे. जाळीवर दुसरी अधिक निर्धोक ठरते, कारण तिची मांडणी नियमित नसते. मात्र एकदा डिदरिंग केल्यानंतर त्यावर पुन्हा हाफटोन (छटांसाठी छपाईत घातली जाणारी ठिपक्यांची जाळी) चढू देऊ नये. फिल्म काढून देणाऱ्यास हे आधीच सांगावे लागते.

प्रश्न : चित्रच बिघाडाचे असेल, तर छपाईत सरकलेल्या किंवा फिसकटलेल्या प्रतीही त्याच मालिकेत धरता येतील का? (चाळीसगाव)

उत्तर : धरू नयेत. ज्या चित्राचा विषयच बिघाड आहे, त्याची छपाई इतर कोणत्याही चित्रापेक्षा अधिक काटेकोर असावी लागते, कारण समोर दिसणारी प्रत्येक तुटलेली रेघ चित्रकाराने ठेवलेली आहे, याची पाहणाऱ्याला खात्री वाटली पाहिजे. एका प्रतीत शाई फाकली, की ती खात्री जाते आणि मग हेतुपूर्वक केलेली तूटही निष्काळजीपणाची वाटू लागते. आपल्या गावी छायाचित्रकार केकी मूस यांनी टेबलावर मांडणी करून निसर्गदृश्याचा पूर्ण आभास देणारी छायाचित्रे काढली. त्या आभासामागे किती शिस्त होती, हे चाळीसगावकरांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. सदोष प्रती मालिकेबाहेर काढाव्यात, उरलेल्या प्रतींवर पेन्सिलीने ३/२५ अशा रीतीने क्रमांक घालावा आणि चित्राखाली उजवीकडे सही करावी.

प्रश्न : पडद्यावरचे रंग आतून उजळल्यासारखे दिसतात; कागदावर तेच रंग मंद होतात. फ्लुरोसंट शाई वापरावी का? शिवाय पंधरा-सोळा रंगांसाठी तेवढे स्क्रीन करणे आम्हा विद्यार्थ्यांना परवडत नाही. (कला महाविद्यालयाचा विद्यार्थी, धुळे)

उत्तर : पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकत्र करून रंग घडवतो, शाई मात्र कागदावरून परतणाऱ्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते. त्यामुळे पडद्याचा रंग डोळ्यांनी जुळवून त्या रंगाची शाई मिसळत बसण्यापेक्षा तो रंग तयार होण्याची रीतच उलट करून कागदावर आणणे श्रेयस्कर आहे, आणि येथे जुनी यंत्रे आपल्याला फार मोठे साहाय्य करतात.

ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचे उदाहरण घ्या. त्याचे मूळ रंग आठच होते : काळा, निळा, लाल, मॅजेंटा, हिरवा, सायन, पिवळा आणि पांढरा. उजळ आणि मंद अशा दोन पातळ्या मिळून, काळा दोन्हींत सारखाच असल्यामुळे, एकूण पंधरा रंग होत. हे आठ रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा प्रकाश लावण्या-विझवण्याच्या सर्व शक्यता आहेत. त्यामुळेच सायन, मॅजेंटा आणि पिवळी या केवळ तीन पारदर्शक शायांच्या एकमेकींवर छापण्यातून ते सर्व मिळतात आणि तीन स्क्रीनमध्ये आपले काम होते. सायनची जाळी काळ्या, निळ्या, हिरव्या आणि सायन पिक्सेलवर उघडी ठेवावी, म्हणजे फिल्मवर तेवढा भाग काळा असावा. मॅजेंटाची काळ्या, निळ्या, लाल आणि मॅजेंटा पिक्सेलवर. पिवळ्याची काळ्या, लाल, हिरव्या आणि पिवळ्या पिक्सेलवर. पांढरा म्हणजे कोरा कागद. तिन्ही शाया एकत्र येऊन होणारा काळा थोडा तपकिरी दिसतो. तो खटकत असेल तरच काळ्याचा चौथा स्क्रीन करावा. शाईत पारदर्शक बेस पुरेसा मिसळावा, आधी पिवळी, मग मॅजेंटा आणि शेवटी सायन छापावी, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. आयबीएमच्या १९८१ च्या संगणकावरील चार रंगांच्या छपाईलाही तीन स्क्रीन पुरतात : काळा, सायन, मॅजेंटा आणि पांढरा एवढेच रंग त्याच्या प्रसिद्ध रंगसंचात आहेत.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर ८ × ८ पिक्सेलच्या एका चौकोनात दोनच रंग ठेवता येत, त्यामुळे एखादी आकृती चौकोनाची सीमा ओलांडू लागली की तिचा रंग शेजारच्या चित्रावर पसरे. ही मर्यादा आपण स्वतःवर मुद्दाम घालून घ्यावी, असे आम्ही सुचवतो. संपूर्ण पडदा ३२ × २४ अशा ७६८ चौकोनांचा होतो. प्रत्येक चौकोनासाठी दोन रंग निवडण्याची सक्ती आली की विद्यार्थ्याला रंगाचा खरा विचार करावा लागतो.

रंग सरकल्याचा बिघाड दाखवायचा असेल, तर सरकवणे संगणकावर करावे आणि रजिस्ट्रेशनच्या, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके जुळवण्याच्या, खुणा जागच्या जागी ठेवाव्यात. पडद्यावर लाल रंग सरकलेला असेल, तर कागदावर सायनचे चित्र सरकवावे लागते, कारण लाल प्रकाश अडवण्याचे काम सायन शाई करते. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे अनेक चांगली चित्रे खोटी दिसतात.

फ्लुरोसंट शाई प्रकाशात लवकर फिकी पडते आणि आपल्याकडच्या उन्हात तर ती टिकण्याची आशाच करू नये. उजाळा हवा असेल, तर काळ्या कागदावर आधी अपारदर्शक पांढरा थर द्यावा आणि त्यावर रंग छापावेत. पांढऱ्याची फिल्म सर्व बाजूंनी साधारण ०.२ मिलिमीटर आत घेतली, म्हणजे रंगाच्या कडेने पांढरे डोकावत नाही.

प्रश्न : आमच्याकडे ना ते जुने खेळ होते, ना ते संगणक. परदेशी मुद्राचित्रे पाहून तशीच काढणे म्हणजे नक्कल वाटते. शिवाय यंत्राच्या चुकीला चित्र म्हणावे का, अशीही शंका मनात आहे. (अमळनेर)

उत्तर : आपल्या दुसऱ्या शंकेला या कलेचा इतिहासच उत्तर देतो. १९६५ मध्ये कलावंत नाम जून पाइक यांनी चालू दूरचित्रवाणी संचावर एक मोठा लोहचुंबक ठेवला आणि चित्र वाकवून दाखवले. चुंबक हलवला की आकृती बदले, म्हणजे बिघाडावर माणसाचा हात होता. त्याच वर्षी फ्रीडर नाके यांनी चित्रकार पॉल क्ले यांना आदरांजली म्हणून संगणकावर चालणाऱ्या आरेखन यंत्राकडून एक रेखाचित्र काढून घेतले. पुढे त्याची सिल्कस्क्रीन छपाई झाली आणि तिची प्रत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एदुआर्दो पाओलोत्सी यांची संगणकयुगाच्या प्रतिमांवरील सिल्कस्क्रीनची मालिका १९६७ ची आहे. या सर्वांत यंत्राने दिलेल्या अनेक शक्यतांमधून कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची, हे कलावंतानेच ठरवले होते.

पहिल्या शंकेबद्दल मात्र आम्ही आपल्याशी सहमत आहोत. ज्याने ते खेळ कधी खेळलेच नाहीत, त्याने त्यांच्यातील राक्षस आणि अवकाशयाने छापण्यात अर्थ नाही. पण संगणकाशी आपला संबंध नव्हता, असे अमळनेरने तरी म्हणू नये : १९४५ मध्ये आपल्याच गावी वनस्पती तेलाच्या उत्पादनासाठी स्थापन झालेली विप्रो ही कंपनी १९८० च्या दशकात संगणक बनवू लागली.

आणि आपल्याजवळ एक असा विषय आहे, जो परदेशी कलावंतांजवळ असूच शकत नाही. तो म्हणजे पडद्यावर मोडणारी देवनागरी. रोमन अक्षर ५ × ७ ठिपक्यांत सहज बसते. देवनागरीला शिरोरेषा, तिच्या वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर, एवढ्यांसाठी जागा लागते. भुसावळ जंक्शनवर उभे राहून लाल ठिपक्यांच्या फलकावर सरकणारी गाडीची नावे लक्षपूर्वक पाहावीत. ‘भुसावळ’ या नावातला उकार पुरेशा ओळी नसल्या की अक्षराच्या पायाशी चिकटतो. एखादी ओळ विझलेली असली की शिरोरेषाच नाहीशी होते आणि तरीही प्रवासी ते नाव वाचतो. किती ठिपके गेले तरी अक्षर वाचता येते, हा शोध एका मुद्रामालिकेला पुरून उरणारा आहे.

संगणकावरची देवनागरीही अशीच झगडत आली. कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संगणनसंस्थेत तिच्यासाठी काम झाले, भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक १९९१ मध्ये आले, आणि तरीही जुन्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसे. ग्रामपंचायतीच्या पत्रापासून लग्नपत्रिकेच्या मसुद्यापर्यंत हा अनुभव आपणा सर्वांना आहे. पहिली वेलांटी संगणकाच्या स्मृतीत व्यंजनानंतर साठवलेली असते आणि पडद्यावर त्याच्या आधी दाखवावी लागते. ती व्यवस्था कोलमडली की वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. आधाराचे व्यंजन सुटले, तर मात्रेखाली ठिपक्यांचे एक तुटक वर्तुळ उमटते. जोडाक्षर जुळले नाही, तर पाय मोडण्याची खूण उघडी पडते. हे बिघाड आपल्या लिपीचे आहेत, आपण ते रोज पाहिले आहेत, आणि मराठी वाचणाऱ्यालाच ते पूर्णपणे कळतील. जळगावच्या प्लॅस्टिकच्या चटयांवरील चौकटींची वीणही या कामासाठी अभ्यासण्याजोगी आहे, पण आमचा कौल निःसंशय अक्षरांना आहे.

एक सूचना अवश्य पाळावी. प्रत्येक यंत्राच्या ठिपक्याला स्वतःचा आकार असतो : स्थानकावरच्या फलकाचा गोल, संगणकाच्या चित्राचा चौकोनी, जुन्या टीव्हीचा आडव्या रेघेत विरघळलेला. एका चित्रात एकाच यंत्राचे ठिपके ठेवावेत.

प्रश्न : मे महिन्यात पाण्याची शाई दोन-चार प्रतींतच जाळीत वाळते आणि बारीक चौकोन बंद होतात. कोटिंग केलेले स्क्रीनही नीट धुतले जात नाहीत. (जळगाव)

उत्तर : ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हे दोन्ही दोष एकाच कारणाने होतात. शाईसाठी पहाटेची वेळ घ्यावी, पंखा स्क्रीनवर येऊ देऊ नये, आणि प्रत्येक प्रतीनंतर फ्रेम उचलताच स्क्वीजीने (शाई ओढण्याच्या रबरी पट्टीने) शाईचा हलका थर जाळीवर परत ओढून ठेवावा, म्हणजे छिद्रे उघडी राहून कोरडी पडत नाहीत. शाईत उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात रिटार्डर (शाईचे वाळणे लांबवणारे द्रव्य) मिसळावा. जास्त मिसळल्यास कागदावरची शाई वाळत नाही आणि पिक्सेलच्या कडा फाकतात.

कोटिंगचा प्रश्न अधिक गंभीर आहे. बायक्रोमेट मिसळलेले इमल्शन अंधारातही उष्णतेने हळूहळू कडक होत जाते. दुपारी पत्र्याच्या खोलीत ठेवलेला स्क्रीन प्रकाश न लागताच अर्धा पक्का झालेला असतो, मग तो कसा धुतला जाणार? असा स्क्रीन वाळताच त्याच दिवशी एक्स्पोज करावा. पण आमचा खरा सल्ला बायक्रोमेट सोडून देण्याचाच आहे. त्यातले क्रोमियम त्वचेला जखमा करते, कर्करोगकारक आहे, आणि धुतलेले पाणी गटारीतून जमिनीत जाते. डायझो किंवा फोटोपॉलिमर इमल्शन महाग पडले तरी तेच घ्यावे. उन्हावर एक्स्पोज करीत असाल, तर वेळ ठरवण्यासाठी एका फिल्मवर निरनिराळ्या मापांचे चौकोन घेऊन पट्ट्यापट्ट्यांनी चाचणी करावी, कारण ऊन तासागणिक बदलते. वेळ जास्त झाली तर लहान चौकोन उघडत नाहीत. कमी झाली तर धुताना चौकोनांचे कोपरे गळून ते गोल होतात.

प्रश्न : आमच्या शाळेत एक्स्पोज करण्याची सोय नाही. आठवीच्या मुलांकडून असे चित्र छापून घेता येईल का? (चित्रकला शिक्षिका, शहादा)

उत्तर : अवश्य येईल, आणि पिक्सेलचे चित्र त्यासाठी फारच सोयीचे आहे. आलेखाच्या कागदावर १६ × १६ चौकोनांत मुलांना आकृती भरू द्यावी, एक चौकोन एक सेंटिमीटरचा ठेवावा, आणि भरलेले चौकोन पातळ कागदातून कापून काढावेत. आकृतीच्या आत सुटे पडणारे तुकडे टाकून देऊ नयेत. ते छपाईच्या कागदावर जागच्या जागी मांडून त्यावर स्क्रीन टेकवावा; शाईचा पहिला हात फिरताच ते जाळीला चिकटतात आणि पुढच्या प्रतींसाठी तेथेच राहतात. एका वर्गाला पुरतील इतक्या प्रती या रीतीने आरामात निघतात. सेंटिमीटरला ४३ धाग्यांची जाळी यासाठी योग्य आहे, शाई पाण्याचीच असावी, आणि तास संपण्यापूर्वी स्क्रीन धुण्यासाठी वेळ राखून ठेवावा, कारण जाळीत एकदा शाई वाळली की तो स्क्रीन पुढच्या वर्गाच्या उपयोगी पडत नाही.